आरोग्यपत्रक छापायला टाकण्याआधी: संस्थांसाठी नऊ टप्पे

आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांमध्ये एक क्रम हमखास उलटा होतो. आधी विषय ठरतो, मग डॉक्टरांकडून मजकूर येतो, तो छापला जातो, कार्यक्रम होतो, आणि लोकांना त्यातलं काय कळलं हा प्रश्न थेट अहवाल लिहायला बसल्यावर आठवतो. तोवर पैसे संपलेले असतात आणि उरलेले गठ्ठे कपाटात पडलेले असतात.

खाली दिलेल्या क्रमात छपाई सहाव्या टप्प्यानंतर येते. पत्रक, भित्तीपत्रक, मोबाइलवर पाठवायचा आवाजी संदेश किंवा छोटा व्हिडिओ, काहीही करायचं असलं तरी हाच क्रम लागू पडतो. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच काम धरलं आहे: लहान मुलाला जुलाब लागल्यावर घरी ओआरएस (पाण्यात विरघळवून द्यायची क्षार आणि साखरेची पाकिटातली पूड) नीट तयार करून पाजणं. सोपं वाटणारं हे काम चुकायला भरपूर जागा आहेत, म्हणूनच ते निवडलं.

टप्पा १: विषय बाजूला ठेवा, एक कृती ठरवा

‘अतिसाराबद्दल जागृती’ हा विषय झाला. त्यावर पत्रक लिहायला बसलात की जंतू, कारणं, लक्षणं, प्रकार, प्रतिबंध असं सगळं त्यात शिरतं आणि वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते सापडत नाही. त्याऐवजी एक वाक्य लिहा: कोणी, केव्हा, काय करायचं. उदाहरणार्थ, ‘मुलाला जुलाब सुरू झाल्याबरोबर घरातल्या माणसाने ओआरएस योग्य प्रमाणात तयार करायचं आणि प्रत्येक जुलाबानंतर पाजायचं.’

हे वाक्य टीममधल्या सगळ्यांना मान्य होईपर्यंत पुढे जाऊ नका. पुढचे सगळे वाद (हे घालू का, ते काढू का) याच वाक्यावर मिटतात.

*तपासणी:* ही कृती कुणी करताना डोळ्यांनी पाहता येईल का? ‘काळजी घेणे’, ‘दक्ष राहणे’ दिसत नाही. ‘पाकीट पूर्ण रिकामं करणं’ दिसतं.

*सावधान:* पाकीट मिळतच नसेल, किंवा स्वच्छ पाणी नसेल, तर अडचण माहितीची नाही. आधी पुरवठ्याचं बघा. जे करणं लोकांच्या हातात नाही ते करा असं सांगणारं पत्रक लोकांना फक्त अपराधी वाटायला लावतं.

टप्पा २: लिहिण्याआधी ऐका

ज्यांच्यासाठी पत्रक आहे अशा सहा-आठ जणांशी वेगवेगळं बोला. गटात बसवलं तर जो आधी बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं. ‘ओआरएस माहीत आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येईल. असं विचारा: ‘मागच्या वेळी मुलाला जुलाब झाले होते तेव्हा काय काय केलंत? सुरुवातीपासून सांगा.’ मग गप्प बसा.

या बोलण्यातून चार गोष्टी टिपून घ्या:

- त्रासाला ते कोणता शब्द वापरतात. जुलाब, हगवण, पोट बिघडणं, पातळ होणं यांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात सारखाच असेल असं नाही.
- ते आधी काय करतात आणि का करतात. कुणी जुलाब थांबावेत म्हणून पाणीच बंद करतं. हे माहीत नसेल तर तुमचं पत्रक नेमक्या त्याच मुद्द्यावर गप्प राहील.
- पाणी कशाने मोजतात. घरातलं कोणतं भांडं एक लिटरचं आहे हे त्यांना खात्रीने सांगता येतं का?
- निर्णय कुणाचा असतो. मुलाला सांभाळणारी व्यक्ती आणि ‘दवाखान्यात ने’ असं ठरवणारी व्यक्ती वेगळी असू शकते.

इथे संस्था एक चूक करतात: लोकांची वाचनक्षमता मोजायला निघतात. रीअल्म, टोफ्लासारख्या चाचण्या संशोधकांसाठी ठीक आहेत, वस्तीत काम करताना त्यांचा उपयोग नाही. समोरच्याला परीक्षेला बसवल्यासारखं होतं आणि ते परत येत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही ते तसं सांगत नाहीत. ‘चष्मा घरी राहिला’, ‘घरी नेऊन निवांत वाचेन’ असं म्हणतात. शिवाय भरपूर शिकलेला माणूससुद्धा आजारपणाच्या घबराटीत धड वाचत नाही. म्हणून सगळ्यांनाच सोपं सांगायचं, कुणालाही वेगळं काढायचं नाही.

*सावधान:* बोलणं लिहून घेण्याआधी परवानगी घ्या. वहीत नाव आणि आजार शेजारी शेजारी लिहू नका.

टप्पा ३: माहिती पक्की करा

आता डॉक्टर किंवा त्या विषयातल्या जाणकाराकडे जा, पण कोऱ्या कागदानिशी नको. तुमची कृती आणि लोकांच्या शंका घेऊन जा. त्यांना एकच प्रश्न विचारा: ‘यात चुकीचं काय आहे?’ ‘आणखी काही घालायचं का?’ असं विचारलंत की मजकूर दुप्पट झालाच म्हणून समजा. जाणकाराला प्रत्येक अपवाद महत्त्वाचा वाटतो आणि त्यांच्या जागी ते बरोबरच असतं.

ही पडताळणी दोनदा लागते. आता एकदा, आणि भाषा सोपी करून झाल्यावर पुन्हा एकदा. सोपं करताना अर्थ सरकतो आणि तो सरकल्याचं लिहिणाऱ्याला कळत नाही.

आमच्या उदाहरणात पक्क्या करायच्या गोष्टी अशा:

- पाकिटाचा आकार. काही पाकिटं एक लिटरसाठी असतात, काही २०० मिलिलिटरसाठी. पत्रकावर ‘१ लिटर’ आणि हातात छोटं पाकीट असं झालं तर द्रावण फारच पातळ होतं आणि क्षार पुरत नाहीत. उलट, मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर अंगातलं मीठ धोकादायक प्रमाणात वाढू शकतं. तुमच्या लोकांना कोणतं पाकीट मिळतं ते हातात घेऊन बघा.
- किती पाजायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर.
- उलटी झाली तर. दहा मिनिटं थांबून पुन्हा, या वेळी चमच्याने हळूहळू.
- किती वेळ वापरायचं. २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं, नवं करायचं.
- घरी न थांबता दवाखाना गाठायची लक्षणं. मूल पिऊ शकत नाही, सुस्त पडलंय, डोळे खोल गेलेत, शौचातून रक्त पडतंय, सारख्या उलट्या होताहेत.

प्रत्येक गोष्टीसमोर माहिती कुठून घेतली, कुणी तपासली आणि कोणत्या तारखेला, हे लिहून एक फाइल करा. दोन वर्षांनी कुणी विचारलं तर उत्तर याच फाइलमध्ये असेल.

टप्पा ४: कच्चा मसुदा

मसुदा लिहिताना पहिला शत्रू म्हणजे कार्यालयीन मराठी. हे वाक्य बघा: ‘अतिसाराच्या रुग्णास निर्जलीकरण टाळण्याकरिता ओआरएस द्रावणाचे योग्य प्रमाणात व वारंवार सेवन करविणे आवश्यक आहे.’ यात एकही चूक नाही, आणि करण्यासारखंही काही नाही. ‘योग्य प्रमाण’ म्हणजे किती? ‘वारंवार’ म्हणजे केव्हा? तेच असं लिहिता येतं:

१. साबणाने हात धुवा.
२. पिण्याचं स्वच्छ पाणी १ लिटर मोजून घ्या.
३. १ लिटरचं पाकीट त्यात पूर्ण रिकामं करा. अर्धं ठेवू नका.
४. सगळं विरघळेपर्यंत ढवळा.
५. प्रत्येक जुलाबानंतर पाजा.
६. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

त्याखाली वेगळ्या चौकटीत ‘लगेच दवाखान्यात न्या’ची लक्षणं द्या. आणि एकच कारण सांगा, एका ओळीत: ‘जुलाबातून अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात, हे ते भरून काढतं.’ हे औषध जुलाब थांबवण्यासाठी नाही हेही सांगा. नाहीतर तीन वेळा पाजूनही जुलाब थांबले नाहीत म्हणून लोक ते सोडून देतात.

मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. ‘जुलाब होत असताना मुलाला अंगावरचं दूध किंवा जेवण देणं बंद करू नका’ हे वाक्य घाईत वाचणाऱ्याच्या, किंवा अर्धवट ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘बंद करू’पर्यंतच पोहोचतं. त्याऐवजी ‘अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा’ असं लिहा. वरच्या तिसऱ्या ओळीत ‘ठेवू नका’ आहे, पण ते आधीच्या ‘पूर्ण रिकामं करा’ला जोड म्हणून. एकट्या नकारावर सूचना उभी करू नका.

आकडे म्हणजे दुसरा शत्रू. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ असं लेबल दाखवलं होतं. कमी साक्षर गटातल्या सुमारे ७१ टक्के लोकांनी ती सूचना बरोबर सांगितली. मग एका दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर बरोबर मोजणारे सुमारे ३५ टक्केच निघाले. म्हणून गुणाकार वाचणाऱ्यावर सोडू नका: ‘सकाळी २ गोळ्या. रात्री २ गोळ्या.’ द्रवरूप औषधात ‘एक चमचा’ लिहू नका, घरोघरी चमचे वेगळे असतात. मिलिलिटर लिहा आणि मापाची टोपी किंवा सिरिंज दाखवा. धोका सांगताना ‘दुप्पट’ म्हणू नका, ‘१००० जणांत १ ऐवजी २’ म्हणा, आणि तुलना करताना ‘किती जणांत’ ही संख्या (इथे १०००) दोन्हीकडे सारखीच ठेवा.

*तपासणी:* मसुदा मोठ्याने वाचा. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वाक्य तोडा.

टप्पा ५: चित्रं

एका चित्रात एकच कृती. फक्त एखादा अवयव मोठा करून दाखवू नका, लोकांना तो वेगळाच काहीतरी वाटतो. माणूस पूर्ण दाखवा. चुकीची कृती काढून त्यावर लाल फुली मारण्याची सवय सोडून द्या. फुलीपेक्षा खालचं चित्र जास्त लक्षात राहतं. चित्रांचा क्रम फक्त बाणांवर सोडू नका, मोठे आकडे घाला. ज्यांना वाचनाची सवय नाही ते चित्रं डावीकडून उजवीकडेच बघतील असं नाही. लाल-हिरव्या रंगाच्या फरकावर अर्थ सोडू नका, काहींना तो फरक दिसतच नाही.

मजकूर झाकून फक्त चित्रं दाखवा आणि ‘इथे काय चाललंय?’ विचारा. बहुतेक चित्रं इथेच बदलावी लागतात.

टप्पा ६: पूर्वचाचणी

हा टप्पा गाळला जातो, कारण तोवर मुदत जवळ आलेली असते. वेळ कमी असेल तर पत्रक छोटं करा, पण चाचणी गाळू नका.

कच्ची प्रत साध्या कागदावर काळ्या-पांढऱ्यात काढा. गुळगुळीत, रंगीत प्रत हातात आली की लोक ती झालेली समजतात आणि दोष काढायला कचरतात. पाच-सहा जण पुरे, पण ते ज्यांच्यासाठी पत्रक आहे त्यांच्यातले हवेत. कार्यालयातले सहकारी, कार्यकर्त्यांचे नातेवाईक आणि ‘आमच्याकडच्या शिकलेल्या ताई’ चालणार नाहीत. एका वेळी एकच जण, आणि ज्यांच्यासमोर तो मोकळं बोलणार नाही अशी माणसं शेजारी नकोत.

क्रम असा ठेवा:

१. आधी सांगा: ‘परीक्षा या कागदाची आहे, तुमची नाही. जिथे अडखळाल तिथे आमचं लिहिणं चुकलंय.’
२. कागद द्या आणि बोलणं थांबवा. समजावून सांगायचा मोह आवरणं हेच या टप्प्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. पत्रक घरी जाईल तेव्हा तुम्ही सोबत नसाल.
३. नजर कुठे थांबते, कुठे मागे जाते, कोणती ओळ वगळली जाते ते टिपा.
४. विचारा: ‘हे वाचून तुम्ही घरी काय कराल?’
५. खरं पाकीट, खरं पाणी, दोन-तीन आकारांची भांडी पुढे ठेवा: ‘करून दाखवा.’ चुकलं तरी मध्ये पडू नका.
६. शेवटी, ती व्यक्ती जाण्याआधी, झालेली प्रत्येक चूक दुरुस्त करून सांगा. चुकीचं शिकून कुणी घरी जाता कामा नये.

‘आवडलं का?’, ‘सोपं आहे ना?’, ‘काही सुधारणा?’ हे प्रश्न विचारूच नका. तिन्हीची उत्तरं सौजन्याची असतात आणि मग तीच अहवालात ‘प्रतिसाद उत्तम’ म्हणून येतात.

एकाच जागी दोघं अडखळले तर ती जागा बदला. एकच जण अडखळला पण चूक धोक्याची असेल, म्हणजे पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं, तरीही बदला. बदललेली प्रत नव्या लोकांना दाखवा. जुन्यांना उत्तर आता माहीत आहे. दुसऱ्या फेरीतही तीच चूक झाली तर शब्द फिरवत बसू नका. बहुधा ती सूचना कागदावरून कळणारी नाही, ती करूनच दाखवावी लागेल. एक लिटर मोजणं हे त्यातलंच. तिथे खूण केलेली बाटली वाटणं जास्त कामाचं.

आवाजी संदेशाची चाचणी घेताना तो एकदाच ऐकवा, मध्ये थांबवू नका. फोनवर बहुतेक जण एकदाच ऐकतात.

*तपासणी:* ही फेरी झाल्यावर अंतिम मजकूर पुन्हा डॉक्टरांना दाखवला का? मगच छापा.

टप्पा ७: कार्यकर्त्यांची तयारी

वैद्यकीय माहितीतला ४० ते ८० टक्के भाग लोक लगेच विसरतात आणि आठवणाऱ्या माहितीतली जवळजवळ निम्मी चुकीची असते, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मांडलं आहे. त्यामुळे सांगून झालं म्हणजे काम झालं असं धरता येत नाही. यावरचा उपाय म्हणजे टीच-बॅक: सांगायचं, आणि समोरच्याकडून त्याच्या शब्दांत परत ऐकायचं.

सगळी गंमत विचारण्यात आहे. ‘समजलं ना?’ यावर मान हलते. ‘सांगा बघू मी काय म्हटलं?’ यात शाळा येते. ओझं स्वतःवर घ्या: ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर तुम्ही हे घरच्यांना कसं सांगाल?’ नंतर चुकलं तर तेच वाक्य मोठ्या आवाजात सांगू नका, वेगळ्या पद्धतीने सांगा: करून दाखवा, चित्र काढा, आणि पुन्हा परत विचारा. दोन-तीन मुद्द्यांनंतर लगेच विचारायचं, दहा मुद्दे संपल्यावर नाही.

हे वाचून येत नाही. जोड्या लावून सराव करा. एकाने मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचं, दुसऱ्याने ते न दुखावता दुरुस्त करायचं. पहिल्या सरावात जवळपास सगळेच स्वतः उत्तर देऊन टाकतात.

*सावधान:* कार्यकर्त्यांची हद्द लेखी द्या. निदान करायचं नाही, डोस बदलायचा नाही, ‘ती गोळी बंद करा’ म्हणायचं नाही. ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ हे वाक्य त्यांना मनापासून म्हणता यायला हवं, आणि विचारायचं कुणाला, कोणत्या नंबरवर, हे ठरलेलं हवं.

टप्पा ८: सत्र

दहा-पंधरा जण, जास्तीत जास्त तीन मुद्दे. भाषण छोटं, करणं जास्त: प्रत्येकाच्या हातून एकदा तरी द्रावण तयार झालं पाहिजे. पत्रक शेवटी वाटा. सुरुवातीला दिलं तर सगळे मान खाली घालून वाचत बसतात.

कुणी अफवा काढली तर ती फळ्यावर लिहून खोडू नका. आधी खरं काय ते सांगा, मग ती समजूत का चुकीची ते एका वाक्यात, मग पुन्हा खरं काय ते.

वेळ उरला तर लोकांना दवाखान्यात विचारायचे तीन प्रश्न शिकवा: मला मुख्य त्रास काय आहे? मी काय करायचं आहे? ते करणं का गरजेचं आहे? पाठ होतात आणि कोणत्याही आजाराला चालतात.

टप्पा ९: नंतरची तपासणी

किती पत्रकं वाटली आणि किती जण आले हे आकडे देणगीदारांसाठी ठेवा. तुमच्यासाठी आकडा वेगळा: दोन-तीन आठवड्यांनी काही घरी जाऊन ‘करून दाखवाल का?’ म्हटल्यावर किती जणांनी बरोबर केलं. सत्राआधीही हेच करून पाहिलेलं असेल तरच नंतरच्या आकड्याला अर्थ आहे, म्हणून ती नोंद आधीच करून ठेवा.

नोंदीत दोन रकाने वेगळे ठेवा: ‘कसं करायचं ते माहीत आहे’ आणि ‘गेल्या वेळी खरंच केलं’. पहिल्यात हो आणि दुसऱ्यात नाही अशी घरं जास्त निघाली तर नवं पत्रक काढू नका. पाकीट मिळालं नसेल, रात्र असेल, घरातल्या कुणी नको म्हटलं असेल. टप्पा १ वर परत जा. पहिल्यातच ‘नाही’ जास्त असेल तर टप्पा ६ मध्ये कुठेतरी घाई झाली आहे.

पत्रकावर कोपऱ्यात छापल्याची तारीख आणि पुन्हा तपासायची तारीख टाका. मार्गदर्शक सूचना बदलल्या किंवा पाकिटाचा आकार बदलला की जुनी प्रत नुसती वाटणं थांबवू नका, दवाखान्यांतून, शाळांतून, भिंतींवरून काढून आणा. कुठे कुठे किती प्रती दिल्या याची यादी त्यासाठीच वाटप करताना लिहून ठेवायची असते.